कॉलेजांत गेलेल्या पोराला वाट कोण दाखवील?

(मिरजगांव येथें पालक, विद्यार्थी व शिक्षक यांच्या सभेंत झालेलें भाषण)



सभेला माणसें बरीच जमलीं आहेत, पण पुढच्या खुर्च्यांवर पुढारी आणि मागें उभे बाप, हा जुना प्रकार आजहि आहेच. ज्यांच्या पोरांचा प्रश्न त्यांनींच उभें राहावयाचें! मागच्या मंडळींनीं सतरंजीवर बसून घ्यावें. मी लांबण लावणार नाहीं, पण जें बोलावयाचें तें उभ्याउभ्यानें ऐकण्यासारखेंहि नाहीं.

उच्च शिक्षणांतील शिकवणें आणि सल्ला देणें, हा आजचा विषय. शेतकऱ्यांच्या सभेंत हा विषय कशाला, असें चिटणिसांना कोणी तरी विचारलें म्हणे. माझें उत्तर असें कीं, आपल्या कर्जत तालुक्यांत पावसाचा भरंवसा नाहीं. ज्वारी साधली तर साधली. अशा मुलखांत बाप शेळ्या विकून, कांद्याची पट्टी मोडून, नाहीं तर सोसायटीचें कर्ज थकवून पोराला कॉलेजांत घालतो. बियाणें घेतांना तोच बाप चार दुकानें फिरतो, शेजाऱ्याला विचारतो, पिशवीवरची तारीख पोराकडून वाचून घेतो. पण पोराचीं तीन-चार वर्षें जेथें घालावयाचीं तेथें तो कोणाला कांहीं विचारीत नाहीं. विचारावें तरी कोणाला? घरांत कॉलेजाची पायरी चढलेलें माणूस नाहीं, आणि कॉलेजांत विचारणाराला "सूचनाफलक वाचा" असें उत्तर मिळतें.

माझीच गोष्ट सांगतों. १९८१ सालीं मी बारावी झालों. एका मोठ्या कॉलेजांत नांव घालावयास गेलों. त्या कॉलेजाचें नांव सांगत नाहीं, कारण तेव्हां सगळीकडे हेंच चालत असे. खिडकीपुढें रांग होती. माझा नंबर आला तेव्हां कारकून म्हणाला, "अर्थशास्त्र भरलें, भूगोल भरला, तत्त्वज्ञानांत जागा आहेत. बोल, लिहूं का?" मीं म्हटलें, लिहा. झालें! माझ्या सगळ्या शिक्षणाचा निर्णय अर्ध्या मिनिटांत लागला, आणि तो एका कारकुनानें लावला. तो बिचारा वाईट नव्हता. त्याला जेवावयास जावयाचें होतें. मला मोजणीची, नकाशाची आवड होती. वडिलांबरोबर बांधाच्या भांडणांत मी साखळी धरीत असें. भूगोलाची दुसरी तुकडी आठ दिवसांनीं निघाली, हें मला दिवाळींत कळलें. तत्त्वज्ञानाचे मास्तर मार्गशीर्षांत नोकरी सोडून गेले आणि आम्ही गाईड पाठ करून तिसऱ्या वर्गांत पास झालों. तत्त्वज्ञान वाईट नाहीं, तो मोठा विषय आहे. पण मला तो आजतागायत कळलेला नाहीं.

आतां याच्या उलट एक गोष्ट ऐका. १९०७ सालीं मुंबईंत एक महाराचा मुलगा मॅट्रिक झाला. त्याचें घर म्हणजे चाळींतील लहान खोली, तेथें वाचावयास जागा नाहीं. म्हणून तो चर्नी रोडच्या बागेंत जाऊन बसे. त्याच बागेंत विल्सन हायस्कुलांतले एक शिक्षक वाचीत बसत. हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर, शिवछत्रपतींचें चरित्र लिहिणारे. तो मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता, जातीचा नव्हता, नात्याचा तर नव्हताच. तरी त्यांनीं त्याची चौकशी केली, पुस्तकें दिलीं, स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. आणि पुढें कॉलेजाचा खर्च अडला तेव्हां त्याला सयाजीराव महाराजांकडे नेऊन महिना २५ रुपयांची मदत मिळवून दिली. तो मुलगा म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेब आपल्या बुद्धीनें व कष्टानें मोठे झाले यांत शंका नाहीं, पण १९०७ सालच्या त्या वळणावर केळुसकर गुरुजी बाकावर बसलेले नसते तर काय झालें असतें? पुढें १९१३ सालीं ते अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें सेलिग्मन नांवाचे अर्थशास्त्राचे अध्यापक मिळाले. आपल्या विद्यार्थ्याचा प्रबंध १९२५ सालीं पुस्तकरूपानें निघाला तेव्हां याच सेलिग्मन साहेबांनीं त्याला प्रस्तावना लिहिली. म्हणजे वर्ग सुटला, देश सुटला, वर्षें लोटलीं, तरी गुरुचें लक्ष सुटलें नाहीं. मी सल्ला म्हणतों तो याला. मुलगा कोण आहे, त्याला काय येतें, काय येत नाहीं, त्याच्या घरीं काय अडचण आहे, हें जाणणारा एक तरी मनुष्य त्याला कॉलेजांत पाहिजे.

पूर्वीं एक वेळ सल्ल्यावांचून भागलें असतें, आतां भागणार नाहीं. २०२० चें नवें शिक्षण धोरण आपल्याकडच्या साध्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलें. त्यांत मुख्य विषय, गौण विषय, खुला विषय, कौशल्याचा विषय, मूल्यांचा विषय, भारतीय ज्ञानपरंपरा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव असे खण केलेले आहेत, आणि प्रत्येक खणाला श्रेयांक, ज्याला पोरें क्रेडिट म्हणतात, ते लावलेले आहेत. एक श्रेयांक म्हणजे सुमारें १५ तास वर्गांतलें शिकवणें, किंवा ३० तास प्रयोगाचें काम. एका वर्षाचे ४० ते ४४, दोन वर्षांचे ८० ते ८८, तीन वर्षांचे १२० ते १३२ झाले म्हणजे पदवी. आणि चवथें वर्ष करून १६० ते १७६ भरले म्हणजे ऑनर्सची पदवी. कल्पना वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. विज्ञानाच्या मुलाला इतिहास शिकतां यावा, वाणिज्याच्या मुलीला मानसशास्त्र शिकतां यावें, हें चांगलेंच. पण निवड दिली म्हणजे निवडावयाचें कसें हें शिकवणाराहि द्यावा लागतो. बाजारांत नेऊन सोडलें आणि भाव सांगितला नाहीं तर पोर फसणारच.

आमच्या शेजारच्या वस्तीवरील एका मुलीचें असेंच झालें. खुला विषय आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो असा नियम आहे. ती कला शाखेची; तिनें मैत्रिणीचें पाहून कलेंतलाच विषय मोबाइलवर भरला. यंत्रानें तो घेतला, कॉलेजानें तो पाहिला नाहीं, आणि सत्र संपतांना तिला सांगितलें कीं तुझे श्रेयांक कमी आहेत. पोर घरीं येऊन दोन दिवस जेवली नाहीं. बाप म्हणाला, "जाऊं दे, पुरे झालें शिक्षण, पाहुणे येतच आहेत." तिच्या चुलत्यानें चार हेलपाटे घातले म्हणून तें निस्तरलें. ज्या मुलीला असा चुलता नाहीं तिचें काय झालें असेल?

याच संदर्भांत एक धोक्याची गोष्ट कान देऊन ऐका. नव्या पद्धतींत एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतां येतें, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडतां येतें. बाहेर जाण्याचें दार ठेवलें हें अडचणींत सांपडलेल्या मुलाला सोयीचें आहे खरें. पण त्या दारानें आधीं कोण जाणार? वकिलाचा मुलगा जाणार नाहीं, मामलेदाराची मुलगी जाणार नाहीं. ऊसतोडीला निघालेल्या घरचें पोर जाईल, लग्न ठरलेली पोर जाईल. आणि वर, "शिक्षण सोडलें नाहीं, प्रमाणपत्र घेतलें" असें कागदावर लागेल! शिवाय तें प्रमाणपत्र नुसतें वर्ष संपल्यानें मिळत नाहीं. त्यासाठीं आणखी ४ श्रेयांकांचें काम, उमेदवारी किंवा कौशल्याचा अभ्यास करावा लागतो, हें किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. तीन. बरें झालें, तीन तरी आहेत. ज्या दिवशीं मुलगा "मी सोडतों" म्हणेल त्या दिवशीं त्याला खुर्चीवर बसवून, कां सोडतोस, पैशाची अडचण आहे कीं विषयाची, परत केव्हां येशील, हें विचारणारा अध्यापक नसेल, तर हें दार म्हणजे गरिबाच्या पोराला बाहेर काढण्याची सुबक युक्ति होईल.

पैशाच्या बाबतींतहि तेंच. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत, घरचें उत्पन्न ८ लाखांच्या आंत असेल तर, शिकवणी व परीक्षा यांची पूर्ण फी माफ करण्याचा निर्णय सरकारनें जुलै २०२४ मध्यें केला. त्यांत मागासवर्गीयांबरोबर आर्थिक दुर्बल घटकहि आले. ही गोष्ट माहीत नसल्यामुळें मुलीला फार्मसीला न पाठवतां घरीं ठेवणारे बाप मला भेटले आहेत. सरकारचा कागद निघाला तरी तो वस्तीवर पोंचत नाहीं.

आतां शिकवण्याकडे वळतों. आपल्याकडचें विद्यापीठ १८५७ सालीं मुंबईस लंडनच्या नमुन्यावर निघालें तें परीक्षा घेणारें कार्यालय म्हणून. शिकवणें कॉलेजांवर सोंपवलें. त्या मुळाचीं फळें आपण अजून खात आहोंत. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ झालें, त्याला २०१४ सालीं सावित्रीबाईंचें नांव मिळालें. पण पुणें, नाशिक आणि आपला जिल्हा मिळून शेकडो कॉलेजांच्या परीक्षा उरकण्यांतच त्याची बरीच शक्ति जाते. बाबासाहेबांनीं १९२५ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठीं नेमलेल्या समितीला जीं लेखी उत्तरें दिलीं त्यांत याच दुखण्यावर बोट ठेविलें होतें. विद्यार्थ्याच्या डोक्यांत माहिती कोंबणें हें विद्यापीठाचें काम नव्हे, त्याची स्वतःची विचारशक्ति जागी करणें हें काम आहे, आणि शिकवणें व परीक्षा यांची फारकत करूं नये, असा त्यांचा आशय. पुढें १९२७ सालीं कायदेकौन्सिलांत बोलतांना, वरच्या दर्जाचें शिक्षण गरीब व गरजू लोकांच्या दारांत नेणें हें विद्यापीठाचें कर्तव्य आहे, असेंहि त्यांनीं बजावलें. दोन्ही गोष्टी एकाच माणसानें सांगितल्या हें ध्यानांत ठेवा. कांहीं शहाणे लोक म्हणतात, शिक्षण खेड्यांत गेलें म्हणून त्याचा दर्जा गेला. हें खोटें आहे. दर्जा गेला तो शिकवणें गेलें म्हणून.

तें कां गेलें? वर्गांत जाऊन पाहा. विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आपलें मराठी शाळेंतलें पोर बसतें आणि एकदम सगळें इंग्रजी सुरू होतें. त्याला विषय अवघड जात नाहीं, शब्द अवघड जातात. पहिले पंधरा दिवस दोन्ही भाषांतले शब्द फळ्यावर लिहून दिले, तर निम्मीं नापास पोरें पास होतील असें माझे अनुभवी मित्र सांगतात. वाईचा मराठी विश्वकोश आहे, सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, आणि हें सगळें आतां मोबाइलवर फुकट दिसतें. पण तें दाखवणार कोण? गाईडवाले दुकानदार दाखवणार नाहींत.

आणि शिकवणाराची स्थितिहि पाहा. पुष्कळ कॉलेजांत कायम अध्यापकांच्या जागा रिकाम्या, आणि काम तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांवर. म्हणजे रोजंदारी! विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं पाहुण्या अध्यापकाला तासाला १५०० रुपये, पण महिन्याला फार तर ५०,००० असें ठरविलें. प्रत्यक्षांत त्यापेक्षां पुष्कळ कमी घेऊन, आणि तेंहि सहा सहा महिने थकलेलें, अशा स्थितींत नेट-सेट झालेलीं, पीएच. डी. झालेलीं आपलींच मुलें शिकवीत आहेत. सकाळीं एका गांवीं दोन तास, दुपारीं दुसऱ्या गांवीं दोन तास, मध्यें एस्टी. तास वाजला कीं त्याचा पगार थांबला. मग तासानंतर थांबून तुमच्या पोराचें गाऱ्हाणें तो कोणत्या वेळांत ऐकणार? सल्ला देण्याचे पैसे कोणत्याच बिलांत नसतात. तरीहि जे थांबतात त्यांना माझा नमस्कार.

कायम जागा निघाली तर तिला भाव फुटतो, ही बोलवा महाराष्ट्रभर आहे. ती कोणाविषयीं आहे हें मी सांगण्याची गरज नाहीं. आमचे आजे-पणजे म्हणत कीं विद्या भटजींच्या ताब्यांत आहे, आणि तें खरें होतें. १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर साहेबांच्या कमिशनापुढें स्पष्ट सांगितलें कीं सरकार शेतकऱ्याचा पैसा वरच्या शिक्षणावर खर्च करतें आणि शेतकऱ्याचें पोर अडाणी राहतें. त्याला शिकवावयास त्याच्याच थरांतला, त्याच्यांत मिसळणारा शिक्षक पाहिजे. पण आज? संस्था आपल्या, चेअरमन आपले, सेक्रेटरी आपले, इमारतींवर नांवें आपल्या वडिलांचीं. आतां बोट कोणाकडे दाखवणार? जो आपल्या जातीच्या पोराकडून नोकरीसाठीं जमीन विकून घेतो, त्याला मी जुन्या भिक्षुकाहून वेगळा मानीत नाहीं. भिक्षुक निदान दक्षिणेंत समाधान मानीत असे. (हंशा.) हंसूं नका, ज्यानें जमीन विकून जागा घेतली तो वर्गांत मन लावून शिकवील कीं व्याज मोजील?

दर्जा तपासण्यासाठीं सरकारनें व्यवस्था केली नाहीं असें नाहीं. १९९४ सालीं बंगळूरला नॅक स्थापन झालें. संलग्न कॉलेजाच्या तपासणींत १००० पैकीं ३५० गुण शिकवणें व मूल्यमापन यांना दिलेले असत. विद्यार्थ्यांमागें सल्लागार अध्यापक किती, हेंहि विचारीत. त्यामुळें प्रत्येक कॉलेजाच्या फायलींत सल्लागारांची यादी असते. माझ्या भाच्याला मीं विचारलें, "तुझा सल्लागार कोण?" त्याला ठाऊक नव्हतें. यादी काढून पाहिली तर त्याचें नांव एका अध्यापकाखालीं होतें, आणि त्या अध्यापकांनाहि तें ठाऊक नव्हतें! दोघेहि कागदावर मात्र महिन्यांतून एकदां भेटत होते. तपासणी येणार म्हटलें कीं भिंतींना रंग, कुंड्या, रांगोळी, पाहुण्यांना फेटे. फेब्रुवारी १९२५ नव्हे, २०२५ सालची गोष्ट: नॅकच्या तपासणी मंडळाच्या अध्यक्षासह कांहीं सभासदांना लाचेच्या आरोपावरून सी. बी. आय. नें अटक केली. आरोपाचा निकाल कोर्ट लावील. पण ज्या गुणांवर बाप आपलें पोर सोंपवतो ते गुण कसे पडत असतील ही शंका त्याला यावी, हेंच पुष्कळ झालें.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीं हें काम कसें केलें तें पाहण्यासारखें आहे. १९१९ सालीं काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ सालीं साताऱ्याला वसतिगृह झालें. मग त्यांनीं एकदम कॉलेज काढलें काय? नाहीं. १९३५ सालीं आधीं शिक्षक तयार करणारें विद्यालय काढलें. साताऱ्याचें छत्रपति शिवाजी कॉलेज १९४७ सालीं, म्हणजे बारा वर्षांनीं. आणि तेथें कमवा व शिका. भाऊराव वसतिगृहांतल्या पोरांच्या ताटांत काय पडलें हें पाहत, कोण रडला, कोण पळून गेला हें पाहत. त्या पाहण्यालाच आतां मोठ्या मोठ्या शब्दांनीं मार्गदर्शन कक्ष म्हणतात. त्यांच्याच संस्थेचें कॉलेज १९६४ पासून कर्जतला आहे. त्यापूर्वीं आपल्या भागांतल्या पोराला नगरशिवाय गति नव्हती. कॉलेज जवळ आलें, ही लहान गोष्ट नव्हे. पण तें जवळ आलें म्हणून आपण तेथें जातों का? प्रवेशाच्या दिवशीं आणि निकालाच्या दिवशीं. मधले तीनशें दिवस आपण त्या रस्त्यानें बैल घेऊन जातों, ट्रॅक्टर घेऊन जातों, पण फाटकांत शिरत नाहीं.

तेव्हां माझी मागणी प्रथम तुमच्याकडे आहे, सरकारकडे नंतर. पुढच्या महिन्यांत पांच-पांच पालकांनीं मिळून आपापल्या पोरांच्या कॉलेजांत जावें. भांडावयास नव्हे. प्राचार्यांना नम्रपणें विचारावें कीं, आमच्या मुलाचा सल्लागार अध्यापक कोण, तो कोणत्या वारीं कोणत्या खोलींत भेटतो. या विषयाला कायम अध्यापक आहे कीं नाहीं. ठरलेल्या तासांपैकीं किती तास झाले. उत्तर लिहून घ्यावें. चांगल्या प्राचार्याला राग येणार नाहीं, उलट त्यालाहि वरच्या कचेरींत भांडावयास बळ येईल. आणि अध्यापकांना माझी विनंति अशी कीं, मूल दोन आठवडे दिसलें नाहीं तर त्याच्या घरीं एक फोन करावा. एवढ्यानें किती पोरें थांबतील याचा अंदाज नाहीं तुम्हांला.

दुसरें, गांवांतल्या पदवीधरांनीं. मिरजगांवांत आणि भोंवतालच्या वस्त्यांवर शिकलेलीं मुलेंमुली आतां थोडीं नाहींत. कोणी पुण्याला कंपनींत आहे, कोणी फौजेंत, कोणी शिक्षक. लग्नाला, जत्रेला सगळे येतात, डीजे लावतात. प्रवेशाच्या दिवसांत दोन रविवार त्यांनीं शाळेच्या ओट्यावर बसावें आणि फॉर्म भरणाऱ्या पोराला आधीं चार प्रश्न विचारावे: तुला काय आवडतें, कशांत मार्क पडतात, घरून किती पैसे येतील, एस्टी कितीला आहे. मग विषय. माझ्यासारखा खिडकीपाशीं विषय घेऊं देऊं नये.

हें काम आम्हीं आजपासूनच धरलें आहे. सभा संपल्यावर कोणी उठून जाऊं नये, चहा आहे. व्यासपीठाच्या उजव्या हाताला दोन टेबलें मांडलीं आहेत. एकावर कला व वाणिज्याच्या बाई आहेत, दुसऱ्यावर विज्ञानाचे गुरुजी आहेत. ज्यांनीं गुणपत्रिका आणल्या असतील त्यांनीं बापाला बरोबर घेऊन पुढें यावें. ज्यांनीं नाहीं आणल्या त्यांनीं घरीं जाऊन घेऊन यावें, आम्ही अंधार पडेपर्यंत बसणार आहोंत. आणि मुलींनीं आधीं यावें, त्यांना वस्तीवर परत जावयाचें आहे.